रतनगड ते प्रवरासंगम : सहा दिवस, दोन मीटर आणि चौतीस बाटल्या

दिवाळीच्या सुट्टीत प्रवरेच्या उगमापासून ती गोदावरीला मिळते तिथपर्यंत जायचं, आणि जाताना पाणी मोजत जायचं, हे गेली तीन वर्षं मनात होतं. या वर्षी जमलं. मी रसायनशास्त्र शिकवते. सोबत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असलेली माझी मैत्रीण, भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे सर आणि गाडी चालवणारे दादा. दादांना पहिल्या दिवशी हा सगळा खटाटोप पटत नव्हता. तिसऱ्या दिवसापासून आमच्याआधी तेच दोर घेऊन विहिरीकडे निघायचे.

सामान मोजकंच होतं: विद्युत वाहकता आणि सामू (पीएच) मोजणारे दोन छोटे मीटर, तापमापक, कठीणपणा आणि नायट्रेट तपासायचं किट, विरघळलेला ऑक्सिजन मोजायची रसायनं, जिवाणू तपासणीच्या बाटल्या, बर्फाचा डबा आणि दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेला दोर. पाण्यात क्षार जितके जास्त विरघळलेले, तितकी त्यातून वीज सहज वाहते. म्हणून वाहकता मोजली की क्षारांचा अंदाज येतो. वाहकतेच्या (मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरमधल्या) आकड्याचे साधारण दोन तृतीयांश केले की टीडीएस, म्हणजे लिटरमागे एकूण किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते मिळतं. वाहकतेचा हा एकच आकडा उगमापासून संगमापर्यंत कसा चढत जातो, हे आम्हाला बघायचं होतं.

पहिला दिवस : रतनवाडी

रतनवाडीला पोचलो तेव्हा अमृतेश्वराच्या देवळामागे धुकं अजून उतरत होतं. भाताची कापणी जवळपास उरकली होती, खाचरांत पेंढ्या रचलेल्या होत्या. प्रवरेला इथे अमृतवाहिनी म्हणतात. समुद्रमंथनानंतर राहूचं शिर उडवलं, त्याच्या गळ्यातलं अमृत इथून वाहू लागलं, अशी कथा आहे. खाली नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे, वाटेत राहुरी आहे. कथासुद्धा नदीच्या काठाकाठानेच खाली उतरली आहे, हे मला यावेळी पहिल्यांदाच जाणवलं.

गडाच्या वाटेवर एका झऱ्याशी थांबलो. कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा वीतभर पट्टा होता आणि त्याच्या वरच्या कडेने पाणी पाझरत होतं. सर तिथे बराच वेळ बसून राहिले. महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भाग बेसॉल्टने झाकलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि दोन थरांच्या मधल्या काळात जी माती झाली ती पुढच्या लाव्ह्याखाली भाजली. तोच हा लाल गेरूचा थर. तो चिकणा असतो, पाणी खाली जाऊ देत नाही. वरच्या भेगाळ खडकातून मुरत आलेलं पाणी त्यावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं.

एक आजी कळशी भरायला आल्या होत्या. आम्ही पाण्यात तापमापक धरलेला पाहून म्हणाल्या, "पोरी, थंडीत हे पाणी कोमट लागतं आन् उन्हाळ्यात गारढोण. त्याला ताप आलाय व्हय?" आजींचं निरीक्षण अचूक होतं. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, बदलते ती बाहेरची हवा. त्या सकाळी हवेपेक्षा झरा चांगला पाच अंशांनी उबदार होता. मी त्यांना तापमापक दाखवला, तर त्यांनी तो हातात घेऊन आधी हवेत धरला, मग पाण्यात बुडवला आणि पारा चढताना एकटक पाहत राहिल्या.

मीटरवर वाहकता आली ती दोन आकडी. पावसाचं पाणी खडकाशी जेमतेम ओळख करून बाहेर आलं होतं. झऱ्याखालच्या ओहोळात मैत्रिणीने एक दगड उचलून उलटा केला. त्याच्या पोटाला चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची मेमाशीची पिल्लं चिकटलेली होती, आणि बारीक खडे एकमेकांना चिकटवून केलेल्या नळ्यांत कॅडिसमाशीच्या अळ्या. हे किडे ऑक्सिजनला फार हळवे. मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतो. हे किडे मात्र गेले कित्येक आठवडे तिथेच राहतायत, त्यामुळे ते गेल्या कित्येक आठवड्यांचं पाणी सांगतात. दगड जसा होता तसा परत ठेवला.

दुपारी आजींच्याच घरी जेवलो. नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि वर लसणाची चटणी. आजी बोलता बोलता म्हणाल्या की चैत्र-वैशाखात हा झरा करंगळीएवढा होतो आणि मग खालच्या वाडीपर्यंत जावं लागतं. रतनवाडी-घाटघर पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात बाई कळशी घेऊन उतरते. हे कोडं नाही. उतार तीव्र, माती वीतभर, खाली कातळ. पाऊस पडतो तसा निघून जातो. किती पडला यापेक्षा किती थांबला हे मोजायला हवं, आणि ते या वाड्यांमध्ये फारसं कुणी मोजत नाही. झऱ्याखाली एक खुणेचं भांडं धरून ते भरायला किती सेकंद लागतात एवढं दर पंधरवड्याला लिहिलं, तरी दोन वर्षांत त्या झऱ्याचा स्वभाव कळतो.

जाणाऱ्यांसाठी : रतनवाडीला शनिवार-रविवार टाळा. झऱ्याच्या कुंडात उतरू नका, तेच लोकांचं पिण्याचं पाणी आहे. नमुना घेताना बाटलीवर आधी लेबल लावा आणि पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई ओल्या हाताने पुसली जाते.

दुसरा दिवस : भंडारदरा, रंधा, अकोले

सकाळी धरणाच्या कडेकडेने उतरलो. विल्सन डॅमचं, म्हणजेच भंडारदरा धरणाचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला ते पूर्ण झालं. साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत अकरा टीएमसी. जलाशयात खोलीनुसार पाणी कसं बदलतं हे पाहायची मला फार इच्छा होती. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पाला तिथला ऑक्सिजन संपवत जातो. थंडी पडली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि जलाशय ढवळून निघतो. पण खोल पाण्यात जायला परवानगी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती, म्हणून काठावरच मोजलं. वाहकता अजून दोन आकडीच होती, झऱ्यापेक्षा थोडी वर.

रंध्याच्या धबधब्याला गर्दी होती, थांबलो नाही. निळवंडे धरण मागे टाकून अकोल्याच्या वरच्या अंगाला नदी सरळ आणि एकसारखी वाहते असा तुकडा शोधला आणि प्रवाह मोजला. पात्राची रुंदी टेपने, खोली दर मीटरला काठीने. मग वीस मीटरचं अंतर आखून वरून एक मोसंबं सोडलं. मोसंबं अर्धं बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. पाच वेळा सोडलं, सरासरी काढली. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं आणि मग क्षेत्रफळाने. मोसंबी पकडायला गावातली पाच-सहा पोरं पाण्यात उभी राहिली होती. एकाने विचारलं, "बाई, नदी किती लिटरची आहे?" हिशेब करून सेकंदाला किती लिटर ते सांगितलं. त्याने डोळे मिटून काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाला, "म्हणजे आमची शाळेची टाकी बोलता बोलता भरंल." मोजमाप म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

प्रवाह का मोजायचा? कारण लिटरमागे किती मिलिग्रॅम हे अर्धंच उत्तर आहे. त्याला सेकंदाला किती लिटर याने गुणलं तरच नदी दिवसाला किती किलो क्षार वा नायट्रेट वाहून नेते ते कळतं. पाण्याच्या अहवालांमध्ये हा दुसरा आकडा बहुतेक वेळा नसतोच, आणि त्यावाचून तुलना करता येत नाही.

तिसरा दिवस : तळेगाव दिघे परिसर

हा सगळा भाग पावसाच्या सावलीत येतो. सह्याद्रीच्या माथ्यापासून सरळ रेषेत फार दूर नाही, पण पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. निळवंड्याची कल्पना १९७० सालची. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ते २६ ऑक्टोबर २०२३ ला. मधल्या काळात इथल्या दोन पिढ्यांनी पाण्याची वाट पाहिली.

ज्या गावात आम्ही थांबलो तिथे कालवा शिवाराच्या वरून जातो. एक नाना आम्हाला कालव्याच्या भरावावर घेऊन गेले. म्हणाले, "पाणी आलं त्या दिवशी मी हितं रात्रभर बसून होतो. वडलांनी जमीन कालव्याला दिली, ते पाणी बघायला राहिले नाहीत." त्यांनी भरावावरची माती हातात घेऊन चुरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

नंतर त्यांच्या विहिरीवर गेलो. मैत्रिणीने दोर सोडला, काठावरच्या एका दगडावर ऑइलपेंटची खूण केली आणि दर वेळी याच खुणेपासून मोजायचं असं नानांच्या नातवाला सांगितलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. त्याच महिन्यांत मोजलं तर गावाच्या नोंदी सरकारी नोंदींशेजारी ठेवता येतात. वाहकता तीन आकडी. पाणी चवीला गोड.

शाळेच्या ओट्यावर संध्याकाळी पाण्याचा ताळेबंद मांडला. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. फळ्यावर हे लिहिल्यावर मागे बसलेल्या काकूंनी लगेच विचारलं, "मग आमच्या दोन एकरांवर?" मुलांनी करून दाखवलं. पडलेल्या पावसातून उडून गेलेलं, वाहून गेलेलं वजा केलं की मुरलेलं उरतं, आणि पिकं काढायची ती त्या उरलेल्यात. हिवरे बाजारला ग्रामसभेत दर वर्षी असाच हिशेब मांडला जातो, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता कालवा आलाय, मग हिशेब कशाला, असंही एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आम्हाला पाचव्या दिवशी मिळालं.

रात्री बाजरीची भाकरी, पिठलं, कच्चा कांदा. झोपताना दक्षिणेकडे वीज चमकत होती.

जाणाऱ्यांसाठी : कोणाच्याही विहिरीवर न विचारता दोर टाकू नका, आणि आलेला आकडा आधी मालकाला सांगा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची. फक्त जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोटही लागू द्यायचं नाही.

चौथा दिवस : संगमनेरच्या खाली

पहाटे साडेपाचला टॉर्चच्या उजेडात नदीवर गेलो, कारण ऑक्सिजन पहाटेच मोजायला हवा. दिवसा पाण्यातलं शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. दुपारी मोजलं तर आजारी नदीसुद्धा धडधाकट दिसते.

मला ही विंकलरची पद्धत अजूनही मीटरपेक्षा जास्त आवडते. बाटली बुडबुडा न होऊ देता काठोकाठ भरायची. त्यात मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड सोडायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर मधोमध तपकिरी ढग तयार होतो आणि हळूहळू तळाशी बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढचं टायट्रेशन खोलीवर करता येतं, पण उत्तराचा अर्धा भाग तिथेच डोळ्यांना दिसतो.

एका मोठ्या नाल्याच्या मुखाच्या वर भरलेल्या बाटलीत चहाच्या रंगाचा ढग आला. दोनशे पावलं खाली भरलेल्या बाटलीत तो सायीच्या रंगाचा होता. दादांनी दोन्ही बाटल्या गाडीच्या दिव्यासमोर धरल्या. "पाणी तर सारखंच दिसतंय की," ते म्हणाले. दिसायला सारखंच होतं. २५ अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. मासे तगायला चार-पाच तरी लागतो. खालच्या बाटलीत माशांना तगण्याजोगं काही उरलेलं नव्हतं. तिथला दगड उलटला तर लाल, धाग्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे बाकीचे गुदमरतात तिथे त्या राहू शकतात. पहिल्या दिवशीच्या मेमाशीचा मागमूस नव्हता.

मनाला लागलं ते पात्र पाहून. वाळू जिथे शिल्लक आहे तिथे पाणी निवळ आहे, जिथे नाही तिथे उघडा कातळ आणि हिरवी डबकी. वाळूचा थर पाणी साठवतो, काठच्या विहिरींना पुरवतो, आणि कणांवर वाढलेल्या जिवाणूंकरवी घाण जिरवतो. ती उचलली की नदीचं गाळणं आणि तिची टाकी दोन्ही एकदम जातात. वाळू तयार व्हायला किती काळ लागतो ते सरांनी सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबले.

प्रवासातली एकच मोठी फसगत याच दिवशी झाली. जिवाणूंचे नमुने बर्फात ठेवून एका प्रयोगशाळेत नेले, आधी फोन करून विचारलं होतं, तरी तिथे पोचल्यावर आज नमुने घेत नाही असं सांगण्यात आलं. असे नमुने गार ठेवून शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत तरी लावावे लागतात. दुसरी जागा गाठेपर्यंत वेळ उलटली आणि सहा बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. फार जीवावर आलं. तेव्हापासून हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या छोट्या बाटल्यांवरच भिस्त ठेवली. त्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, विष्ठेतून आलेले जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं होतं. आकडा मिळत नाही, हो-नाही कळतं. गावात दाखवायला तेच जास्त उपयोगी पडतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना किट वापरायला शिकवलं जातं. आम्हाला भेटलेल्या दोन गावांत त्या बायका खरोखर तपासण्या करत होत्या आणि वहीत नोंदी ठेवत होत्या.

रात्री अवकाळी आला. दीड तास नुसता कोसळत होता.

पाचवा दिवस : ओझरच्या पाटाखाली

सकाळी नदी लालसर झाली होती. वाहकता कालच्यापेक्षा खाली घसरली, म्हणजे आकड्याकडेच पाहिलं असतं तर पाणी सुधारलं असं वाटलं असतं. पावसाने क्षार विरळ केले होते, पण शिवारातली माती, खत, उकिरड्यांचं धुवण असं सगळं पात्रात आणलं होतं. त्या सकाळी भरलेल्या चारही छोट्या बाटल्या दुसऱ्या दिवशी काळ्या झाल्या. एका आकड्यावर विसंबू नये हे मी वर्गात दर वर्षी सांगते. ते डोळ्यांसमोर घडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन पाट निघतात. या पाटांनी शंभर वर्षांत राहाता-श्रीरामपूरचा पट्टा हिरवा केला, ऊस आणला, सहकारी साखर कारखानदारी उभी केली. ऊसतोडीच्या बैलगाड्या रस्त्याला लागल्या होत्या. एका वस्तीवर गुऱ्हाळ चालू होतं, तिथे गरम काकवी खायला मिळाली, बोट भाजेल इतकी ताजी.

तिथल्याच एका तात्यांनी शेत दाखवलं. पुढचा ऊस छातीच्या वर आणि मागच्या दीड एकरावर काहीच नाही. नुसती राखाडी जमीन, आणि तिच्यावर मिठाच्या सालपटासारखा पांढरा थर. "चोपण झालीय," तात्या म्हणाले. "माझ्या आज्याच्या टायमाला हितली ज्वारी बाजारात नाव घेऊन विकायची. आता कुंदाही नीट येत नाही." त्यांनी टाचेने थर फोडला. खाली माती ओली होती, आदल्या रात्रीच्या पावसाने नव्हे, खालून वर आलेल्या पाण्याने.

सरांनी वहीत हिशेब मांडून दाखवला. पाटाच्या पाण्यात लिटरमागे अवघे १०० मिलिग्रॅम क्षार आहेत असं धरा, म्हणजे ते उत्तमच पाणी. एका हेक्टरवर वर्षाला एक मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते एक कोटी लिटर होतं. त्यातून जमिनीत एक टन क्षार येतो. उसाला तर यापेक्षा जास्त पाणी लागतं. पीक पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, क्षार मात्र जमिनीतच राहतो. त्यात मुरलेल्या पाण्याने भूजल वर चढतं, आणि ते पृष्ठभागाच्या दीड-दोन मीटरपर्यंत आलं की काळ्या मातीतून दिव्याच्या वातीसारखं वर खेचलं जातं. वर आलं की उडून जातं, आणि हा पांढरा थर मागे राहतो. पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर हे दर वर्षी साठत जातं.

तात्यांच्या विहिरीत मीटर सोडला. चार आकडी. दोन हजारांच्या वर. रतनवाडीच्या आजींच्या कळशीतलं पाणी आणि हे पाणी एकाच नदीच्या खोऱ्यातलं.

कठीणपणा तपासताना इंडिकेटर घातल्यावर पाणी दारूसारखं लालबुंद झालं, आणि त्याला निळं करण्यासाठी मी थेंब मोजतच राहिले. तात्यांच्या सूनबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आम्हाला काय तपासायचं." त्या नायट्रेटच्या पट्टीकडे मात्र लक्षपूर्वक पाहत होत्या, कारण कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं. पट्टीवरचा चौकोन गडद गुलाबी झाला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि टीडीएससारखी इथे पर्याय नसेल तर जास्त चालेल अशी सवलत नाही. लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते. त्यांनी विचारलं, उकळून देऊ का? नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होतं. नळयोजनेचं पाणी गावात येत होतं. बाळाचं वरचं सगळं त्याच पाण्यात करा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं आणि निघताना पुन्हा एकदा.

तळेगावच्या ओट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर मला तात्यांच्या शेतात मिळालं. इथे पाट आला तेव्हाच्या विहिरींची पातळी आणि पाण्याचा क्षार गावाच्या वहीत कुठेही नाही. कधीपासून बिघडलं, कुठल्या चारीखाली आधी बिघडलं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. निळवंड्याच्या कालव्यावरच्या गावांकडे मात्र अजून वेळ आहे. पाणी नुकतं आलंय, विहिरी गोड आहेत. आत्ताचे आकडे लिहून ठेवले, निचऱ्याचे चर काढले, पाणी मोजून दिलं, सगळा शिवार उसाखाली घातला नाही, तर त्यांच्या नातवांना टाचेने पांढरा थर फोडून दाखवावा लागणार नाही. नानांची कालव्यावरची ती रात्र मी पाहिली नाही, पण त्यांचा चेहरा पाहिलाय. म्हणून हे कळकळीने लिहितेय.

सहावा दिवस : नेवासा, प्रवरासंगम

नेवाशाच्या अलीकडे मुळा प्रवरेला मिळते. मोहिनीराजाचं दर्शन घेतलं, ज्ञानेश्वरी सांगितली त्या खांबापाशी थोडा वेळ बसलो, आणि दुपारी प्रवरासंगमला पोचलो. टोक्याच्या सिद्धेश्वराच्या घाटावर ऊन मऊ झालं होतं. इथे नदी वाहत नाही, जायकवाडीचा फुगवटा आत आलेला असतो. मोसंबं सोडलं ते जागचं हललं नाही.

एक नावाडी काका आम्हाला मधोमध घेऊन गेले. गोदावरी कुठे आणि प्रवरा कुठे हे पाण्यावरून कळेना. काकांनी वल्हं थांबवून बोट दाखवलं, "हितून तिकडं गोदामाय." मी दोन्ही बाजूंना मीटर बुडवला. दोन्हीकडे तीन आकडी, फरक जेमतेम. याच पाण्यावर खाली छत्रपती संभाजीनगर राहतं. शेवटची, चौतिसावी बाटली तिथे भरली, लेबलवर तारीख आणि वेळ लिहिली, आणि बर्फ संपला होता म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवली.

घरी येऊन आता सहा आठवडे झाले. परवा नानांच्या नातवाचा मैत्रिणीला फोन आला. जानेवारी उजाडल्याबरोबर त्याने ऑइलपेंटच्या खुणेवरून दोर सोडला होता. पाणी सव्वाचार गाठींवर, गेल्या वेळी पाचावर होतं, म्हणजे विहिरीतलं पाणी वर चढलंय. मीटर नव्हता म्हणून त्याने पाणी चाखून पाहिलं आणि वहीत आकड्यापुढे लिहिलं, "गोड."